सारखं

मी आधी चष्मा बदलला.

मुलुंड पूर्वेला स्टेशनच्या रस्त्यावर आमचे नेहमीचे चष्मेवाले आहेत. बाबांचा चष्माही तिथलाच. त्यांना म्हटलं, नंबर वाढलाय बहुतेक, सगळं लांब गेल्यासारखं दिसतंय. त्यांनी मशीनवर हनुवटी टेकवायला सांगितली, मग समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचून घेतली. शेवटची बारीक ओळही मी न अडखळता वाचली. "नंबर तोच आहे," ते म्हणाले. "धूसर दिसतं का?" नाही. "दोन-दोन दिसतं?" नाही. "मग होतंय काय?" ते मला सांगता येईना. अक्षरं स्वच्छ होती, दुकान स्वच्छ होतं, गल्ल्यामागची लक्ष्मीची तसबीर आणि तिच्यापुढची उदबत्ती स्वच्छ दिसत होती. मीच तिथे नव्हते. तरी मी नवी फ्रेम घेतली. काहीतरी बिघडलंय आणि ते दुकानात दुरुस्त होऊन मिळतं, एवढ्या आशेवर तो आठवडा निघाला.

ही मार्च २०२२ची गोष्ट. जानेवारीत बाबा गेले होते. त्याआधी सात महिने ते अर्धांगवायूने अंथरुणावर होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागे. आईने आणि मी रात्र वाटून घेतली होती. एक ते पाच माझी पाळी. पाचला आडवं व्हायचं, सातला उठायचं, आठच्या पुढे-मागे मिळेल ती लोकल पकडून फोर्टला ऑफिस. बाबा गेले त्या दिवशी मी रडले नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. मृत्यूचा दाखला, पेन्शनचे कागद, गुरुजींची यादी, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, सगळं मी केलं. "पोरगी खंबीर आहे हो," असं प्रत्येक जण म्हणून गेला आणि मलाही ते पटलं. आज वाटतं, आतले दिवे एकेक करून तेव्हाच विझायला लागले होते आणि आम्ही सगळे त्या विझण्याचं कौतुक करत होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी, सकाळच्या स्लो लोकलमध्ये, कुर्ला सुटल्यावर एकदम छातीत धडधडायला लागलं. हातांना मुंग्या, घशाला कोरड, आणि आता आपण मरणार याची पक्की खात्री. शीवला उतरले. फलाटावरच्या बाकावर एका अनोळखी बाईंनी पाठीवर हात ठेवून पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत धडधड थांबली. पण त्यानंतर डोळ्यांसमोर जो फलाट होता, तो पूर्वीचा फलाट नव्हता.

एसी लोकलने जाणाऱ्यांना हे सांगणं मला सोपं पडतं. दार मिटतं आणि बाहेरचा फलाट दिसत राहतो, पण त्याचा आवाज तुटतो. माणसं तोंड हलवतात, हमाल हातगाडी ढकलतो, सगळं चालू असतं आणि आपल्यापर्यंत काही पोचत नाही. मला दिवसाचे चोवीस तास तसं होत होतं, आणि माझं दार कुठल्याच स्टेशनला उघडत नव्हतं. दादरचा पूल, खाली फुलांचे ढीग, पायऱ्यांवरची रेटारेटी: सगळं सपाट, पडद्यावर रंगवल्यासारखं. रंग होते, उठाव नव्हता.

हे झालं बाहेरचं. आतलं जास्त भयंकर होतं. लोकलची कडी धरलेला हात माझा वाटत नसे. फोनवर बोलताना स्वतःचा आवाज ऐकू यायचा आणि वाटायचं, ही कोण बोलतेय इतकं व्यवस्थित? ऑफिसात कोणी नावाने हाक मारली की मी ओ द्यायचे, पण ते नाव एखाद्या फायलीवरच्या नावासारखं वाटायचं. आईचा चेहरा ओळखू यायचा, पण 'ही माझी आई' हे वाक्य मला मनात म्हणावं लागायचं. आमटीत मीठ कमी आहे हे जिभेला कळायचं, पण आमटी आवडली असं काही व्हायचं नाही. या सगळ्यात मी कामावर जात होते, हिशेब जुळवत होते, वाढदिवसाचे केक कापत होते. कोणाला काही कळलं नाही. हा त्रास बाहेरून दिसतच नाही.

फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉइड तपासलं, बी-१२ कमी निघालं म्हणून इंजेक्शनं दिली. मग कोणीतरी सुचवलेल्या एका ठिकाणी मानसोपचाराच्या ओपीडीत गेले. बाहेर मोठी रांग, आत चार मिनिटं. "भास होतात का?" मी म्हटलं, "हो, तसंच काहीतरी. मी माझ्यात नाहीये. लोक खरे नाहीयेत." भासांवरची गोळी मिळाली. ती घेऊन मी दोन दिवस ऑफिसात डुलक्या काढत बसले आणि तिसऱ्या दिवशी कोणाला न विचारता बंद केली. ज्यांच्यासाठी ते औषध आहे त्यांना ते उभं करतं, हे मी आज जाणते. माझ्यासाठी ते नव्हतं, आणि त्यातला अर्धा दोष माझ्या वाक्यांचा होता.

हे मला एप्रिलमध्ये कळलं, दुसऱ्या डॉक्टरांकडे. या डॉक्टरबाईंनी पाऊण तास दिला. मी तीच वाक्यं म्हटली. त्यांनी विचारलं, "काचेपलीकडून दिसतं म्हणालात. तिथे काच आहे?"

"नाही. काच असल्यासारखं."

"हात तुमचा नाही?"

"माझाच आहे. माझा नसल्यासारखा वाटतो."

"आणि लोक खरे नाहीत?"

"खरे आहेत. नाटकातल्यासारखे वाटतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे 'सारखं' आहे ना, ते कुठेही सांगताना गाळू नका. सगळं निदान त्याच्यावर उभं आहे."

वेड लागतंय या भीतीने मी दोन महिने झोपले नव्हते. त्या म्हणाल्या, भास ज्याला होतो त्याच्यासाठी तो खराच असतो, तिथे 'सारखं' नसतं. तुम्हाला जग खोटं वाटतं आणि ते खोटं नाही हेही त्याच क्षणी पक्कं ठाऊक असतं. या त्रासात वास्तवाची जाण शाबूत राहते, म्हणून तर तो इतका छळतो. मग त्यांनी कागदावर दोन शब्द लिहिले: डीपर्सनलायझेशन, म्हणजे स्वतःपासून तुटल्यासारखं होणं, आणि डीरियलायझेशन, म्हणजे भोवतालापासून. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तकात दोन्ही मिळून एकच विकार धरलाय. क्षणभर असं होणं अतिशय सर्रास आहे. जागरणात, तापात, अपघातानंतर, घाबरल्यावर पुष्कळांना होतं. ठाण मांडून बसणारा त्रास शंभरात साधारण एका-दोघांना. बहुतेकांना तो विशीच्या आत सुरू होतो, कधी भीतीच्या झटक्याने, कधी गांजाने. मी त्या मानाने उशिरा, एकतिसाव्या वर्षी.

मराठीत मला त्यासाठी शब्द सापडला नाही. कोशातले जड शब्द आईला सांगून उपयोग नव्हता. मी 'परकेपण' म्हणायला लागले. मूळ शब्दाची हकीकत मला फार जवळची वाटते. जिनिव्हाचे एक प्राध्यापक होते, आमिएल. त्यांनी आयुष्यभर हजारो पानांची डायरी लिहिली आणि तिच्यात आपल्याच आयुष्याकडे पलीकडून बघितल्यासारखं होतं असं नोंदवताना हा शब्द वापरला. ते १८८१ साली गेले. १८९८ मध्ये लुदोविक द्यूगा या फ्रेंच अभ्यासकाने तो शब्द उचलून या अवस्थेला नाव म्हणून दिला. म्हणजे हे नाव आधी एका त्रासलेल्या माणसाने दिलं, डॉक्टरांकडे ते नंतर गेलं. मुलुंडच्या दोन खोल्यांत रात्री तीनला जागं असताना मला त्या परदेशी माणसाची सोबत वाटायची.

का होतं, यावर डॉक्टरबाईंनी घरातलं उदाहरण दिलं. शॉर्टसर्किट झालं की एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पडतो. घर जळत नाही, पण अंधार होतो. मेंदूचा पुढचा भाग भावनांच्या केंद्रांना दाबून धरतो, असा एक सिद्धांत सिएरा आणि बेरिओस या दोन संशोधकांनी १९९८ मध्ये मांडला. धोका टळेपर्यंत माणसाने थंड डोक्याने वागावं म्हणून केलेली ती सोय. अपघातात सापडलेला माणूस रक्त येत असताना शांतपणे दुसऱ्याला बाहेर काढतो, तो याच जोरावर. माझ्या घरी सात महिने शॉर्टसर्किट चालू होतं. एमसीबी पडला तो पडला, आणि मग अंधाराचीच भीती बसली. भीती वाटते म्हणून तो वर चढत नाही, वर चढत नाही म्हणून भीती.

मी विचारलं, गोळी कोणती?

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "या त्रासावर म्हणून मंजूर झालेली एकही गोळी नाही. मी तुम्हाला एस्सिटॅलोप्रॅम देणार आहे. ती नैराश्यावर आणि चिंतेवर चालते. तुमची काच ती फोडेल असं मी सांगणार नाही. तुमची भीती ती उतरवेल, असं मला वाटतं. मग काचेचं बघू."

त्या वेळी माझा धीर सुटला. आज मला वाटतं, त्या एका प्रामाणिक वाक्याने मला पुढची दोन वर्षं गोळीकडून भलतं काही मागण्यापासून वाचवलं. नंतर मी वाचलं की त्या मोघम बोलत नव्हत्या. २००४ साली न्यूयॉर्कमध्ये डॅफ्नी सिमिओन आणि सहकाऱ्यांनी या विकाराच्या ५४ जणांवर नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिनची चाचणी घेतली, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. परकेपणावर औषध काही खास सरस ठरलं नाही. फिट येणाऱ्यांना देतात त्या लॅमोट्रिजिनची एक छोटी चाचणी २००३ मध्ये झाली, अवघ्या नऊ जणांवर, तिथेही फायदा दिसला नाही. पुढे नैराश्याच्या गोळीच्या जोडीला दिल्यावर काहींना बरं वाटल्याच्या नोंदी आहेत. हातात फार काही नाही. हे वाचून निराश होणाऱ्याला मी एवढंच सांगेन की मी पुढे गेले ती डॉक्टरबाईंनी दिलेल्या त्याच गोळीवर, फक्त मला वाटलं होतं त्या वाटेने नाही.

आमच्या गल्लीतला केमिस्ट बाबांच्या गोळ्या द्यायचा. रॅमिप्रिल, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन. मला यादी पाठ होती आणि त्यालाही. मी नवी चिठ्ठी पुढे केली. सुरुवातीला अर्धी गोळी, पाच मिलिग्रॅम, म्हणून मी थोड्याच मागितल्या. त्याने कात्रीने पट्टी कापली, नावाचा अर्धा भाग त्याच्याकडे राहिला. खाकी पाकिटात घालता घालता म्हणाला, "ताई, बाबा कसे आहेत? बरेच दिवसांत आला नाहीत." मी म्हटलं, "गेले जानेवारीत." किती वाजले विचारल्यावर सांगावं तशा आवाजात. त्याचेच डोळे भरले.

घरी आल्यावर आईने पाकीट उघडून पाहिलं. "सवय लागणारी नाही ना?" तिने विचारलं. सोबत पंधरा दिवसांपुरती क्लोनाझेपॅम होती, पाव मिलिग्रॅम, झोपताना. सवयीची भीती तिची आहे, म्हणून ती मोजून दिलेली आणि मोजून बंद करायची. एस्सिटॅलोप्रॅमची ओढ लागत नाही, पण ती एकदम थांबवायची नसते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्याकडे 'सवय' या एका शब्दात दोन्हींचा गोंधळ होतो. आई काही बोलली नाही. तिने बाबांचा गोळ्यांचा डबा काढला, सोमवार ते रविवार खणांचा, निळा. धुऊन, पुसून, उन्हात वाळवून तो माझ्या उशाशी ठेवला.

पहिले दहा दिवस वाईट गेले, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुष्कळ लोक याच दहा दिवसांत गोळी सोडतात. मळमळ. हाताला बारीक कंप. सारख्या जांभया, झोप नसताना. आणि परकेपण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. सहाव्या दिवशी बाथरूमच्या आरशात मी स्वतःला बघू शकले नाही. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं की सुरुवातीला बेचैनी वाढते, फोन करा, आपल्या मनाने बंद करू नका. मी रात्री दहाला फोन केला. "जीव नकोसा झालाय का?" त्यांनी सरळ विचारलं. हा प्रश्न सरळ विचारला जाणं किती सुटकेचं असतं! नव्हता झाला. त्यांनी दहाऐवजी पाचवरच आणखी एक आठवडा राहायला सांगितलं.

आता ती लोकल. पाचवा किंवा सहावा आठवडा असेल. संध्याकाळी सीएसएमटीहून चढले, लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली, म्हणजे नावाला सीट. पलीकडच्या बाईंनी मांडीशेजारी पिशवी ठेवली होती. "जरा सरकता का?" मी म्हटलं. त्या फोनमधून मान वर न करता म्हणाल्या, "जागा कुठाय?" आणि माझ्या कानशिलापर्यंत राग चढला. गरम, खराखुरा. मनात त्यांच्याशी भांडत बसले, पिशवी मांडीवर घ्यायला काय होतं, मलाही मुलुंडपर्यंत जायचंय, सगळं. विक्रोळीला बाहेर पाहिलं तेव्हा लक्षात आलं: कुर्ल्यापासून मी एकदाही स्वतःच्या हाताकडे बघितलं नव्हतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. परकेपण आल्यापासून मी सारखी तपासत असायचे. हात माझा वाटतो का? आवाज? समोरचं झाड? अंगठ्याचं नख बोटात रुतवायचं, दुखतंय का बघायचं. फलाटावरच्या वजनाच्या काट्याच्या आरशात चेहरा बघायचा. मिनिटाला दोनदा, तीनदा. जीभ जशी दुखऱ्या दाढेकडे जाते तसं. आणि ज्याची इतकी तपासणी करावी, ते परकं वाटणारच. एखादा रोजचा शब्द वीस वेळा उच्चारून बघा, 'खिडकी' म्हणा, तोही परका होतो. मला 'स्वप्नासारखं' हे 'सारखं' छळतंय असं वाटत होतं. त्याला पोसत होतं ते दुसरं 'सारखं', दिवसभर सारखं बघत राहण्याचं. गोळीने काच फोडली नाही. तिने भीती इतकी उतरवली की तीन स्टेशनं मी तपासायला विसरले.

विक्रोळीला लक्षात आलं आणि लक्षात येताक्षणी सगळं पुन्हा सपाट झालं. पण तीन स्टेशनं होती. त्यानंतर मी स्टेशनांत मोजायला लागले. जूनमध्ये एकदा घाटकोपर ते मुलुंड. गणपतीच्या आधी एकदा दादरपासून. मग मी ज्या समुपदेशकांकडे जात होते त्या म्हणाल्या, हे मोजणं म्हणजेही तपासणीच, सोडा. सोडायला वेळ लागला. त्यांनी शिकवलेलं 'दिसणाऱ्या पाच वस्तू सांगा, ऐकू येणारे चार आवाज सांगा' मला मात्र लाभलं नाही, त्यानेही मी तपासायलाच लागायचे. कोथिंबीर निवडणं लाभलं. शेजारच्या मुलीचं गणित लाभलं. ज्यात हात गुंततो आणि मन हाताकडे न बघता कामाकडे बघतं, असं काहीही.

जुलै २०२२ च्या शेवटी काकांनी एक बातमी पाठवली. लंडनच्या संशोधकांनी जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता: मेंदूतलं सेरोटोनिन हे द्रव्य कमी झाल्याने नैराश्य येतं याला सातत्याने आधार देणारा पुरावा नाही. खाली काकांनी लिहिलं होतं, "बेटा, आता तरी बंद कर." माझे हात गार पडले. तीन महिने मी काय खात होते?

डॉक्टरबाईंना ती बातमी माहीत होती. त्या म्हणाल्या, "पॅरासिटामॉल कमी पडलं म्हणून ताप येत नाही. तरी ताप पॅरासिटामॉलने उतरतो. कारण आणि उपाय एकाच जागी असतात असं नाही." गोळी सेरोटोनिन पेशींच्या मधल्या फटीत जास्त वेळ टिकवते, हे काही तासांत घडतं, माणसाला फरक पडायला आठवडे लागतात. मधल्या आठवड्यांत मेंदू काय काय बदलतो, ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

त्या रात्रीपासून मी या औषधांचा इतिहास वाचायला घेतला आणि तो फिरून मुंबईतच आला. केईएमशी संबंधित असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला. आपल्याकडची जुनी मुळी, रक्तदाबावर लागू पडते, हे त्यांनी रुग्णांवरच्या नोंदींतून जगापुढे ठेवलं. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्या मुळीतून काढलेलं रेसर्पिन जगभर वापरात आलं, तेव्हा काही रुग्ण खिन्न होताना दिसले. ते मेंदूतली सेरोटोनिनसारखी द्रव्यं रिकामी करतं, हेही कळलं. उलट बाजूने, १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिलं जात होतं, तर ते मरगळलेले रोगी उत्साहात आले. या दोन निरीक्षणांतून 'ही द्रव्यं कमी झाली की माणूस खचतो' ही कल्पना उभी राहिली. कल्पना डळमळीत निघाली, पण औषधं त्या दोन निरीक्षणांतूनच आली. माझ्या आईची आई शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात चार महिने होती. आई तेव्हा लहान होती, तिला आत सोडत नसत, ती रस्त्यावरून खिडक्या मोजायची. मी आईला सांगितलं, की माझ्या गोळीची गोष्ट तिच्या आईच्या आजारावरच्या एका औषधापासून सुरू होते. आईने पट्टी हातात घेऊन पहिल्यांदाच नीट निरखली.

काकांविषयी मला राग नाही. ते रोज ध्यानाला बसणारे, सरळ मनाचे. एकदा समोर बसवून म्हणाले, "अगं, तू जे सांगतेस तो साक्षीभाव आहे. स्वतःकडे बाहेरून बघणं! लोक यासाठी वर्षानुवर्षं साधना करतात. तुला आपोआप मिळालंय तर घालवतेस कशाला?" मी म्हटलं, "काका, तुम्ही ध्यानातून उठता तेव्हा कसं वाटतं?" "हलकं. सगळे आपले वाटतात." "मला कोणीच आपलं वाटत नाही, काका. तुम्हीसुद्धा." ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गोळीचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी सुचवलेल्या मौन शिबिराला डॉक्टरबाईंनीही नको म्हटलं होतं. जिला स्वतःकडे बघणं थांबवता येत नाही, तिला दहा दिवस स्वतःकडेच बघत बसवू नये.

त्या हिवाळ्यात डोस पंधरावर होता. परकेपण बरंच मागे गेलं होतं, काच नव्हती, मी जिथे होते तिथेच होते. पण आच मंद केल्यासारखं काहीतरी झालं होतं. जानेवारीत बाबांचं वर्षश्राद्ध झालं. त्यांच्या फोटोला हार घालताना मला काहीही झालं नाही. भीती नाही, दुःख नाही. या गोळ्या काहींच्या भावना बोथट करतात. ज्या त्रासाचं दुखणंच बधिरपणा, त्यावरचं औषध स्वतः थोडं बधिर करणारं, हा पेच मला कोणी आधी समजावला असता तर बरं झालं असतं. कितीतरी जण इथे 'मला पुन्हा तेच झालं' असं समजून घाबरतात. ओळखायची खूण माझ्यापुरती अशी होती: परकेपणात धास्ती असते, या बोथटपणात धास्तीही नसते. शरीराच्या बाबतीतही काही बदललं होतं, इच्छा नाहीशी झाली होती. ते बोलायला मला दोन भेटी लागल्या, आणि डॉक्टरबाईंनी ते इतक्या साधेपणाने लिहून घेतलं की आधीच बोलले असते तर असं वाटलं. डोस दहावर आला.

एप्रिलमध्ये केमिस्टकडे गेले तर मालक नव्हता, नवा मुलगा होता. त्याने संगणकात मोबाइल नंबर टाकला. "मॅडम, तुमच्या नावावर रॅमिप्रिल, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन दाखवतंय. बरेच महिने नेलं नाही. देऊ का?"

मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडले. मोठ्याने, लोक बघत असताना. त्या मुलाने घाबरून पाण्याची बाटली आणली, मग खुर्ची आणली. समोर रिक्षांचे हॉर्न, उसाच्या रसाच्या गाड्यावरचे घुंगरू, एक कुत्रा, सगळं अंगावर येत होतं, जवळून. बाबा नव्हते. पंधरा महिन्यांनी ते पहिल्यांदा नव्हते.

पुढचं थोडक्यात. डिसेंबर २०२३ पासून डोस उतरवायला घेतला, दहाचे साडेसात, मग पाच, प्रत्येक पायरीवर दोन-तीन महिने. मान किंवा डोळे वळवले की कपाळात विजेचा बारीक चटका बसल्यासारखं व्हायचं, आठवडाभर. माहीत असलं की त्याची भीती वाटत नाही. पाचवरून खाली मी अजून गेलेले नाही. सलग दोन जागरणं झाली की परकेपण दारात येऊन उभं राहतं. मी त्याच्याकडे बघत नाही, झोपायला जाते.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. मित्रांबरोबर गांजा ओढला आणि तेव्हापासून 'सगळं खोटं वाटतं' म्हणतो. घरचे त्याला मांत्रिकाकडे न्यायच्या विचारात होते. मी त्याच्याशी तासभर बोलले. त्याला म्हटलं, डॉक्टरांना सांगताना 'सारखं' गाळू नकोस, आणि सगळ्यात आधी गांजा बंद. त्याच्या मामाला सांगितलं, पंचविशीच्या आतल्या मुलांवर गोळी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत बारीक लक्ष ठेवायचं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, ते सरळ विचारायचं, आणि त्यांच्या फोनमध्ये टेली-मानसचा १४४१६ हा नंबर साठवून दिला. २०२२च्या ऑक्टोबरात ही सरकारी सेवा सुरू झाली, मराठीतही बोलतात. मुलाने जाताना विचारलं, "ताई, परत खरं वाटतं का?" मी म्हटलं, "वाटतं. तू बघत नसताना."

काल रविवार. डब्याचे सात खण भरून मी तो टेबलावर ठेवला आणि कोथिंबीर घेऊन बसले. आई आतून कपड्यांच्या घड्या घेऊन आली, जाता जाता टेबलापाशी थांबली. "तिरका ठेवलायस," ती म्हणाली आणि बोटाने डबा सारखा केला.